नाशकात बसून स्कीवर बॉक्स आणि रेल शिकायचंय, माकडहाड वाचवा!

घसरगुंडी
नमस्कार मंडळी. हसायचं तर आधी हसून घ्या, पण नंतर उत्तर द्या.

मी मूळची नाशिकची, इंदिरानगर. ६ वर्षांपूर्वी औलीला स्कीइंगचा बेसिक कोर्स केला आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला गेलो. तो देश म्हणजे पोळपाट, डोंगर औषधाला नाही, पण त्यावाचून कोणाचं अडलेलं नाही, त्यांनी चक्क मोठ्या शेडमध्ये उतार बांधून आत बर्फ करून ठेवलाय. त्याच हॉलच्या एका कडेला फ्रीस्टाइलवाल्या पोरांचा कोपरा असतो. तिथे बॉक्स म्हणजे लांबलचक बाकड्यासारखं काहीतरी, वर गुळगुळीत प्लास्टिक. आणि रेल म्हणजे सरळसरळ लोखंडी पाइप, जिन्याच्या कठड्यासारखा. स्की घालून त्यावर चढायचं, घसरत जायचं, पलीकडे उतरायचं. १२-१२ वर्षांची पोरं बोलता बोलता करतात हो!

मी स्की सरळ ठेवून बुटक्या बॉक्सवरून जाते, चारातल्या तीन वेळा जमतं. पण स्की आडव्या करून जायचं म्हटलं की संपलं. स्की पुढे पळतात, मी मागे राहते आणि डाव्या कुल्ल्यावर धप्प. शेवटच्या दिवशी मांडी अशी झाली होती की भरताची वांगी बरी. शिकवणारा पोरगा फक्त 'रिलॅक्स' म्हणतो. अरे बाबा, आडवी पडल्यावर रिलॅक्सच आहे मी.

आता आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नोव्हेंबरअखेरपर्यंत नाशकात आहे. माझं चुकतंय कुठे, बॉक्स सोडून थेट रेलवर जाऊ का, आणि या दोन-अडीच महिन्यांत इथे बर्फाशिवाय काही सराव होऊ शकतो का? वय ३६, गुडघे अजून स्वतःचे आहेत.

चिवडागल्ली
निफाडला जा. पारा पाचाच्या खाली गेला की दरवर्षी पेपरात दवबिंदू गोठल्याचा फोटो येतो. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारेवर रेलचा सराव, पडलीस तर खाली मनुके तयार.

निफाडकर_७१
@चिवडागल्ली, आमच्या बागेत पाय टाकून दाखवा, मग बघू कोण मनुका होतो ते.

उतारावरचा
मी व्हँकूवरकडे १२ वर्षं आहे, मुलगा स्की पार्कमध्ये (म्हणजे अशा बॉक्स-रेलच्या भागात) पडीक असतो, त्याच्या नादाने मी चाळिशीत शिकलो. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ताई, तुमचं वर्णन वाचूनच कळलं, तुम्ही बॉक्सवर धार लावताय, म्हणजे स्कीची लोखंडी कड रुतवायला बघताय. औलीला काय शिकवलं आठवा. थांबायचं असेल तर स्की आडव्या करा, डोंगराच्या बाजूची धार बर्फात रुतवा. घसरायची भीती वाटली की धार. वेग वाढला की धार. सहा वर्षं पायांना हेच वळण लागलंय. आता तुम्ही बॉक्सवर आडव्या होता, पाय घाबरतात आणि न विचारता धार रुतवायला जातात. पण खाली प्लास्टिक आहे, रुतणार कशात? धार लावायला अंग मागे झुकतं, स्की तिरकी होऊन तुमच्या खालून पुढे सटकते आणि तुम्ही कुल्ल्यावर. म्हणजे वाचायला जे करता त्यानेच पडता.

बॉक्सवर स्की अगदी सपाट हवी, तळपाय पूर्ण टेकलेला. पाय खांद्यांपेक्षा जरासे रुंद, गुडघे वाकलेले, कंबरेतून मात्र वाकायचं नाही, नाहीतर ढुंगण मागे जातं आणि मागोमाग आपण. वजन दोन्ही पायांच्या मधे, झुकायचंच असेल तर जिकडे जाताय तिकडच्या पायाकडे किंचित. त्या क्षणी ते वेडेपणाचं वाटतं, कारण पडायची भीती तिकडेच असते. आणि नजर बॉक्सच्या शेवटच्या टोकावर, पायांकडे नाही. पायांकडे बघणारा पायांपाशीच पडतो.

अजून एक, येताना सरळ रेषेत या. बरेच जण शेवटच्या दोन मीटरवर घाबरून पिझ्झा करतात, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणून ब्रेक. मग बॉक्सवर चढतानाच वाकडे असतात. वेग आधी वर ठरवायचा, नंतर हात लावायचा नाही. फार हळू गेलं तर उलट जास्त डुगडुगतं, सायकलसारखं.

गोदाकाठची
@उतारावरचा, हे तर पावसाळ्यात रामकुंडाच्या पायऱ्या उतरण्यासारखं झालं! आमची आजी सांगायची, शेवाळावर टाच रोवली की गेलीस, अख्खा पाय टेकव आणि भिऊन मागे रेलू नको. बाहेरगावचे लोक नेमके टाच रोवून उतरतात आणि मग कमंडलूसकट पाण्यात.

उतारावरचा
@गोदाकाठची, दंडवत घ्या आजींना! मी एवढे परिच्छेद खरडले ते त्या एका वाक्यात सांगून गेल्या.

चाकधारी
थोडा विरोध करतो. मी स्कीवाला नाही, पण इनलाइन स्केट्सवर कठड्यावरून घसरायचे उद्योग कॉलेजात भरपूर केले (कॉलेज रोडच्या एका कट्ट्याची कड अजून माझ्या नावाने गुळगुळीत आहे, वॉचमनकाकांना सांगू नका). माझं म्हणणं, सरळ जाण्यात वेळ घालवूच नका. सरळ जाणं आणि आडवं जाणं हे दोन वेगळे खेळ आहेत, सरळचं कौशल्य आडव्याला शून्य कामाचं. पहिल्या दिवसापासून आडवं व्हा, रेलवरच व्हा. रुंद बॉक्सवर पाय कुठेही पडला तरी चालतो म्हणून पायाला शिस्तच लागत नाही.

उतारावरचा
@चाकधारी, स्केटला मधे अडकायला खाच असते ना पाइपसाठी? स्कीला नाही. स्की सपाट फळी आहे आणि अरुंद पाइपवर ती बुटाच्या बरोब्बर खाली यावी लागते. शिवाय बॉक्सवर पडलं तर प्लास्टिकवर, रेलवर पडलं तर लोखंडावर. नडगीवर एकदा पाइप बसला की शिस्त-बिस्त सगळं आठवतं. सरळ जाणं आडव्याच्या कामाचं नाही हे मात्र अर्धं खरं, पण त्याने बॉक्सची भीती जाते, तेवढ्यासाठी १०-१५ वेळा करावं. क्रम म्हणाल तर रुंद बुटका बॉक्स, मग अरुंद बॉक्स, मग जाड पाइप, आणि उडी मारून चढायचे वगैरे प्रकार सगळ्यात शेवटी.

चाकधारी
खाच असते, मान्य. पण वॉचमन नसतो, तिथे तुम्ही जिंकलात.

हाडवैद्य
व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड. शीर्षकात माकडहाड दिसलं म्हणून आत आलो.

माकडहाडाला मार बसला तर प्लास्टर घालता येत नाही, आठवडेच्या आठवडे मधे भोक असलेल्या उशीवर बसावं लागतं आणि घरचे विनोद करतात ते वेगळं. पॅड असलेली आतली चड्डी मिळते, लाज न बाळगता घाला. हेल्मेट हवंच. पडताना हात मागे टेकवू नका, मनगट जातं. आणि एक गोष्ट फार कोणी सांगत नाही, काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका. काठी हातात असताना पडलात की अंगठा बाहेर ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट फाटतो, आमच्याकडे त्याला नावच 'स्कीअरचा अंगठा' असं आहे. शिकेपर्यंत काठ्या बाजूला ठेवलेल्याच बऱ्या.

गुडघे स्वतःचे आहेत म्हणता, तसेच राहू द्या. बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं, सेटिंग तुमच्या वजनानुसार जाणत्याकडून करून घ्या, बूट वेळेवर सुटला नाही तर पिळा गुडघ्याला बसतो. आईंना शुभेच्छा, फिजिओथेरपी चुकवू देऊ नका.

काय_भो
आमच्या मालेगावात येऊन जा भो, रस्ते असे आहेत की स्की न घालता बी आडवं जाता येतं.

पाचवीपुजलेला
अवांतर: हे ऑलिम्पिकमध्ये असतं तेच का? वर कठडे आणि खाली मोठ्या उड्या?

उतारावरचा
हो, तेच, स्लोपस्टाइल. स्कीचं स्लोपस्टाइल २०१४ च्या सोची ऑलिम्पिकपासून आलं, त्या वेळी पुरुषांची तिन्ही पदकं अमेरिकेने नेली होती. २०२२ ला बीजिंगमध्ये चीनच्या आयलीन गूने बिग एअर आणि हाफपाइप या फ्रीस्टाइलच्याच दुसऱ्या दोन प्रकारांत सुवर्ण घेतलं, पण स्लोपस्टाइलला तिला रौप्यच मिळालं, सुवर्ण स्वित्झर्लंडच्या माथिल्ड ग्रेमोने नेलं.

पाचवीपुजलेला
आपलं कोणी?

गोदाकाठची
२०२२ ला आख्ख्या भारतातून एकच खेळाडू गेला होता, काश्मीरचा आरिफ खान. तो स्लॅलमवाला, म्हणजे खांबांमधून वळणं घेत खाली. जायंट स्लॅलमला ४५ वा आला. अनेकांनी नाकं मुरडली, पण मला तेव्हा फार भरून आलं होतं. आपल्याकडे बर्फ वर्षातून काही महिने, तोही गुलमर्ग-औलीसारख्या चार ठिकाणी, आणि हा बाबा ऑलिम्पिकच्या पहिल्या पन्नासात.

चिवडागल्ली
आमच्या पोराला दहावीला ४५ आले तर घरात सुतक होतं.

लोखंडी_अंबड
धागा उशिरा पाहिला. अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ताई, बॉक्सचे फोटो शोधून पाहिले, यात अवघड काय आहे? ४० बाय ४० चा एमएस (साध्या पोलादाचा) स्क्वेअर पाइप, २ एमएमचा. फ्रेम ८ फूट लांब, दीड फूट रुंद, त्यावर १८ एमएमचा प्लाय आणि प्लायवर १० एमएमची एचडीपीई शीट, तीच ती पांढरी, मटण कापायचा ठोकळा असतो तसली. स्क्रू काउंटरसंक मारायचे म्हणजे डोकी शीटच्या आत बसतील, एक जरी डोकं वर राहिलं तर स्कीचा तळ सोलून निघेल. कडा रंधा मारून गोल करायच्या. सगळं मिळून ४० किलोच्या आसपास भरेल, दोन माणसं आरामात उचलतील.

बर्फ नाही तर उतार करा. एका टोकाखाली विटा रचून दीड फूट उचला, वरून भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून फिरवा. दुसऱ्या टोकाला जुनी गादी. खर्च विचारू नका, लोखंडाचा भाव आज एक उद्या एक. आमच्याकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात, या एकदा, चहा पिऊ.

हाडवैद्य
@लोखंडी_अंबड, कल्पना चांगली आहे, पण हे गच्चीवर करू नका ही हात जोडून विनंती. कठडा तीन फुटांचा असतो आणि साबण कठडा बघून थांबत नाही. तळमजल्यावर, पार्किंगमध्ये, भिंतीपासून लांब.

घसरगुंडी
अहो डॉक्टर, मी गच्चीच धरून चालले होते. रद्द.

@लोखंडी_अंबड दादा, शनिवारी येते. स्की माझ्या आहेत इथे, जुनी छोटी जोडी माहेरी ठेवलेली, माळ्यावर पंख्याच्या खोक्याशेजारी. दोन्ही टोकं वर वळलेली आहेत, म्हणजे फ्रीस्टाइलचीच.

लोखंडी_अंबड
स्की घेऊनच या. त्यांना लोखंडी धार असते ना कडेला? बुटाच्या खालच्या भागापुरती कानस मारून देतो, अडकायचं बंद होईल.

उतारावरचा
हे बरोबर आहे, पार्कवाले तसंच करतात, बुटाखालची धार बोथट करतात. पण बेतानेच मारा. पूर्ण बोथट केलीत तर कडक बर्फावर वळताना स्की धरणार नाही, मग बॉक्सपर्यंत पोचायचेच वांधे.

तळ्यात_मळ्यात
आणि भाड्याच्या स्कीला चुकूनही कानस लावू नका. माझा एक मित्र (खरंच मित्र, मी नाही) व्हिडिओ बघून भाड्याच्या जोडीला घरी रात्री घासत बसला. सकाळी दुकानदाराने धारेवरून नखं फिरवून बघितलं, एक शब्द बोलला नाही, शांतपणे डिपॉझिटची पावती फाडली.

चाकधारी
'मित्र' बरं का मंडळी.

तळ्यात_मळ्यात
बरं, मी. पुढे?

गोदाकाठची
हसून हसून पुरेवाट!

मल्लखांबी
एक सुचवतो, बॉक्स होईपर्यंत जमिनीवर काम करा. फरशीवर खडूने एक सरळ रेघ मारायची. रेघेवर पाय पुढे करून उभं राहायचं, जरासं उडायचं आणि हवेत पाय ९० अंशात वळवून रेघेवर आडवं उतरायचं, दोन्ही पाय एकाच क्षणी. खांदे मात्र पायांबरोबर पूर्ण फिरवायचे नाहीत, मान रेघेच्या टोकाकडे. मल्लखांबावर दसरंग करताना पोरं हीच चूक करतात, अंग आणि पाय एकाच वेळी फेकतात आणि मग थांबता येत नाही. रोज ५० उड्या, दोन्ही बाजूंना. आवाज 'धप' असा एकच आला पाहिजे, 'धप-धप' आला तर एक पाय उशिरा येतोय.

घसरगुंडी
झाला सुरू उड्यांचा कार्यक्रम. माझा धप-धपच येतोय. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, फरशी बदलताय का.

काय_भो
इतक्या चर्चेत एकानेबी मिसळीचं नाव नाही काढलं, नाशिकचा धागा आहे का काय हा?

चिवडागल्ली
काळ्या मसाल्याची की लाल रश्श्याची, इथून सुरू करू नका, मागच्या वेळी त्या धाग्याला टाळं लागलं होतं.

(पुढचे २३ प्रतिसाद मिसळीवर असल्याने दुसऱ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)

घसरगुंडी
अपडेट देते.

बॉक्स झाला! टेम्पोतून आला तेव्हा सोसायटीतल्या निम्म्या लोकांना वाटलं देवघर आणलं. आता पार्किंगमध्ये, डॉक्टरांच्या हुकमाने भिंतीपासून लांब. आठवीतला भाचा मोबाइल घेऊन शूटिंगला. आईची लिक्विडची अख्खी बाटली संपली, ती वॉकर घेऊन खुर्चीत बसून सूचना देते, जणू तिनेच मला औलीला शिकवलं.

पहिल्या दिवशी ९ वेळा गादीवर, म्हणजे गादीपर्यंत पोचायच्या आधीच. मग भाच्याने व्हिडिओ हळू करून दाखवला आणि तो काय म्हणाला माहितेय? 'मावशी, तू प्रत्येक वेळी हलायच्या आधीच खाली बघतेस.' बघितलं तर खरंच. हनुवटी छातीला लागते, लगेच कंबर मोडते, डाव्या स्कीचा पुढचा काठ प्लास्टिकवरून एवढासा, बोटाच्या पेराइतका उचलला जातो, की संपलं. सगळं अर्ध्या सेकंदात. मला वाटायचं मी शेवटी पडते, पण मी पहिल्याच फुटात पडलेली असते, फक्त जमिनीवर यायला वेळ लागतो.

मग भाच्याला गादीच्या पलीकडे उभा केला आणि बोटं दाखवायला सांगितली. मी घसरताना किती बोटं ते ओरडून सांगायचं. तीन! दोन! चार! नजर वर राहिली की निम्मं काम होतं, बाकीचं रामकुंडाच्या आजींनी सांगितलेलंच, अख्खा पाय टेकव. काल १० पैकी ६.

एक शंका, उजवा पाय पुढे ठेवून आडवं गेलं की जमतं, डावा पुढे ठेवून अजिबात नाही. असं का?

चाकधारी
सगळ्यांचंच असतं, एक बाजू आपली आणि एक सावत्र. सावत्र बाजूवर आत्तापासून निदान तिसरा हिस्सा वेळ द्या, नाहीतर ती कायमची सावत्र राहते. माझी अजून आहे.

उतारावरचा
+१. आणि बोटं मोजायची युक्ती भारी आहे, मी पोराला सांगणार. एवढंच लक्षात ठेवा, पार्किंगमधला बॉक्स हळू आहे. खऱ्या बर्फावर वेग दुप्पट वाटेल आणि पाय पुन्हा धार मागतील. पहिल्या दिवशी सर्वात बुटका बॉक्स, आणि दोन-चार वेळा सरळच जाऊन घ्या.

हाडवैद्य
आईंचा गुडघा किती वाकतोय?

घसरगुंडी
९० च्या पुढे गेला डॉक्टर. ती म्हणते, तुझ्यापेक्षा जास्त वाकतो.

घसरगुंडी
धागा वर काढतेय, डिसेंबर आहे, परत हॉलमध्ये जाऊन आले.

पहिल्यांदा गेले ती पडलेच, सवयीने. @उतारावरचा म्हणाले तसंच, पायांनी न विचारता धार मागितली. दुसऱ्यांदा सरळ गेले. तिसऱ्यांदा आडवी झाले आणि टोकाला बोटं दाखवायला भाचा नव्हता, म्हणून पलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डची अक्षरं मोठ्याने वाचत गेले, मराठी उच्चारात. बॉक्स संपला तेव्हा मी उभी होते. उतरताना वळायचं विसरले, त्यामुळे तशीच आडवी बर्फावर आले आणि तिथे बरोब्बर धार लागली, थांबले. दिवसभरात ५ पैकी ३ अशा हिशोबाने गेलं, उजवा पाय पुढे. डावा पुढे ठेवून शून्य. रेलला हात लावून आले फक्त, गार होता.

'रिलॅक्स' म्हणणारा पोरगा विचारत होता कुठे प्रॅक्टिस केली. म्हटलं पार्किंगमध्ये, साबणावर. त्याला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

लोखंडी_अंबड
वा ताई! रेल कधी बनवायचा सांगा, दोन इंची पाइप बाजूला काढून ठेवतो. आणि बॉक्स पार्किंगमध्येच आहे का अजून?

घसरगुंडी
आहे ना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारून ठेवलंय, उन्हाळ्यात कुरडया घालायला ती पांढरी शीट मिळेल का म्हणून. साबण नीट धुऊन घ्या, एवढंच कळवलंय.